मिसळ कळवणला पोहोचत नाही

चैताली पगारे पाटबंधारे खात्यात कारकून होती आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी अख्ख्या नाशकात पाहिली नाही. २००६ साली आम्ही चौघं फावल्या वेळात, निव्वळ हौसेनं, एका फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करत होतो. मी, सावळीराम, चैताली आणि कळवणचे नवनाथ गुरुजी. निम्म्याहून जास्त काम एकटे गुरुजी करायचे, तेही वीज असेल तेव्हा, सायबर कॅफेत बसून.

आपसात बोलायचं कुठे, यावरून आम्ही भरपूर भांडलो. सावळीरामला चॅट हवं होतं, मला फोन. चैतालीनं मेलिंग लिस्ट लादली. तिथे एक मेल टाकली की सगळ्यांना जाते आणि इंटरनेटवर कायमची राहते, कोणीही वाचावी. आम्ही माना डोलावल्या आणि दर रविवारी नाशकात मिसळ खाताना तोंडी गप्पा हाणत राहिलो.

एका रविवारी चैताली येवल्याला लग्नाला गेली. आम्हा दोघांना रान मोकळं. रश्श्याच्या भरात आम्ही स्क्रीनवरच्या 'विंडो'साठी ठरलेल्या 'खिडकी'ची 'चौकट' करून टाकली. गुरुजींनी जागोजागी 'खिडकी' बसवून ठेवली होती. बदल दिसताच त्यांची मेल आली: "निर्णय मिसळीच्या टेबलावर होणार असतील, तर मिसळ कळवणला पोहोचत नाही. मला यातून मोकळं करा."

गुरुजी गेले तर काम अर्धवट राहणार आणि दिवाळीत नवी आवृत्ती मराठीशिवाय निघणार, हे उघड होतं. आमच्या माफीच्या मेलना उत्तर येईना.

पुढच्या रविवारी चैताली समोर येऊन बसली.

"चौकटीचं काय करायचं?" मी विचारलं.

"लिस्टवर टाका."

"बरं, रस्सा मागवू?"

"लिस्टवर विचारा."

सावळीरामचा डोळा तिच्या पापडावर होता. "ताई, तुम्ही खात नसाल तर पापड घेऊ का?"

"लिस्टवर."

सावळीरामचं डोकं फिरलं. तो तरातरा शेजारच्या सायबर कॅफेत गेला आणि खरंच मेल टाकली: "ताईंचा पापड घेऊ का?" थोड्या वेळानं तो दारातूनच ओरडला, "अरे, या लवकर! कळवणहून उत्तर आलंय!"

गुरुजींनी लिहिलं होतं, "पापड घ्या. पण 'चौकट' कशासाठी, ते आधी सांगा."

मिसळ टाकून आम्ही धावलो. एका कॉम्प्युटरपुढे तिघं दाटीवाटीनं बसून गुरुजींशी लिहून लिहून भांडलो. जिंकले तेच. 'खिडकी' राहिली, गुरुजीही राहिले. पापड मात्र कावळ्यानं नेला.

दिवाळीत मराठी आवृत्ती निघाली आणि गुरुजी एसटीनं खास मिसळ खायला आले. चैताली त्यांना म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सोडून गेला नाहीत, फार बरं वाटलं हो."

गुरुजींनी घास गिळला. "ताई, असं तोंडी नाय चालायचं. लिस्टवर टाका."

आम्ही टेबल बडवून हसलो. चैताली मात्र उठली आणि तडक शेजारच्या कॅफेत गेली. तिची ती एका ओळीची मेल अजून लिस्टवर आहे, कोणीही वाचावी.