पहिली सुपारी माझी

आमच्या गावच्या तरुण मंडळात मत द्यायला हात वर करत नाहीत. मधात ढोलकी उभी ठेवतात, बाजूला पितळी ताट. ज्याला 'हो' म्हणायचं त्यानं सुपारी ढोलकीवर ठेवायची, ज्याला 'नाही' म्हणायचं त्यानं ताटात टाकायची. ही पद्धत मीच घातली. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या पोरांना सही येत नव्हती. पहिली सुपारी सगळ्यात जुन्या सभासदाची, हेही मीच ठरवलं होतं. तो मान तेव्हापासून माझ्याकडेच आहे; सुरुवातीच्या लोकांमधला गावात आता मी एकटाच उरलो.

मी दुसरी शिकलो. अक्षर लावत लावत वाचतो, त्याहून हळू लिहितो. पण मंडळ मी उभं केलं, ते शिकलेल्यांना जमलं नव्हतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि त्यात दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. आमच्या दंडारीची ढोलकी माझी होती. लुगडं नेसून राणी व्हायचा तो माझा दोस्त. माझ्या ठेक्यावर त्याचा पाय पडायचा. मी ठेका जिकडे नेला तिकडे तो यायचा, विचारायचं काम नव्हतं.

लुगडं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नेसलं होतं, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण दोस्तानं लग्नाच्या तीन जागा परतवल्या. पोरी चांगल्या, घरं चांगली, आणि हा म्हणे मला लग्न नाही करायचं. गावात कुजबुज सुरू झाली. मग एका मंडईत, भरल्या दंडारीत, दुसऱ्या गावचा एक जण ओरडला, "अरे, तुमच्या राणीले खराच नवरा पाहा गा!" हजार माणूस हसलं. मी ढोलकीवर बसलेलो. ते हसणं त्याच्यावर होतं, झोंबलं मला.

पुढच्या बैठकीत मी नियम सांगितला आणि गावच्या शाळेतल्या मास्तरांनी तो रजिस्टरात लिहिला. सुपाऱ्या पडल्या. आठ दिवसांनी दोस्त अड्याळला बहिणीकडे राहायला गेला. मी लोकांना सांगत राहिलो, तो रागानं निघून गेला. रजिस्टर चाळीस वर्षं माझ्या पेटीत राहिलं. उघडून पाहिलं नाही. आपलेच शब्द आपण काय वाचायचे?

यंदा धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा ते रजिस्टर बाहेर निघालं. मंडळाचा सचिव पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा तरुण आहे, सत्तावीस वर्षांचा. दंडारीची ढोलकी आता तोच वाजवतो, आणि मीच ती त्याच्या हाती दिली. त्याला तुमसरकडच्या पोरीची जागा आली तेव्हा त्यानं बापाला सरळ सांगितलं, मला पोरी आवडत नाहीत, मी गे आहे. बाप चिडून चार माणसांत बोलला आणि गावभर झालं. मंडळातल्या कोणाला तरी बापाकडून ऐकलेला माझा नियम आठवला. मग सचिवानंच बैठक बोलावली. म्हणाला, नियम ठेवायचा का मला ठेवायचं, ते मंडईच्या आधी ठरवा.

रविवारी सकाळी मी रजिस्टर काखेत घेऊन निघालो. नियम माझा होता, तो राखायलाच चाललो होतो. बुढी, म्हणजे माझी बायको, चुलीपाशी होती. म्हणाली, "रजिस्टर घेऊन चाल्ले, तं डोस्कंई घेऊन जा संगं."

देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस जण होते. अध्यक्ष किराणा दुकानवाला, सगळ्यांशी गोड. म्हणाला, "आबाजी, नियम तुमचा आहे. तुमीच सांगा का करायचं."

मागून एक जण बोलला, "सांगाचं का त्यात? त्यानं मोटारी दुरुस्त कराव, मंडळ आमी पाहून घेऊ."

"तुही मोटार जळली होती तवा कोणाच्या दारात बसला होता गा?" दुसऱ्यानं विचारलं. "तीन दिवस हालला नाई तिथून!"

सगळे हसले. सचिवही हसला. तो मला म्हणाला, "आबाजी, मी चूप राहलो असतो तं चाललं असतं सगळ्याईले. पण खोटं बोलून ढोलकी वाजवता येत नाई मले."

मी म्हटलं, "आधी नियम वाच."

जुनं रजिस्टर वाचायचं काम सचिवाचं. ते त्या दिवशीही त्यालाच करावं लागलं. तो उभा राहिला आणि धान्याचा भाव वाचावा तसा सरळ वाचत गेला: "ज्याचं मन बाईत नाही, असा गडी मंडळात राहणार नाही. त्याच्या संगतीनं गावाचं नाव जाते." शब्द माझे होते. दुसऱ्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकले, आणि ज्याच्या तोंडून ऐकले त्याला आता घरी पाठवायचं होतं. मला वाटलं, एवढं वाईट मी बोललो होतो? बोललो होतो.

तो पुढे वाचू लागला. "हजर सभासद अकरा." मग अकरा नावं. "अशा गड्याला ठेवायचं का, असं विचारलं. अकरा सुपाऱ्या ताटात. ढोलकीवर एकही नाही." इथं तो थांबला. "आबाजी, हे शेवटचं नाव कोणाचं? ज्याले काढलं, त्याचंच होय का?"

"होय."

"म्हंजे त्याईनं सोताच्याच इरुद्ध टाकली?"

 मी मनात हिशेब जुळवत होतो. दहा आम्ही, अकरावा तो. पहिली सुपारी मी टाकली होती, ताट वाजलं होतं. त्यानं पाहिलं असेल मी कुठे टाकली ते, आणि नेहमीसारखा माझ्या मागे आला. मंडळातून स्वतःला काढून टाकायला माझ्या मागे आला. आणि मी लोकांना सांगत होतो, रागानं गेला.

नियम काढून सचिवाला ठेवायचं का, असं विचारून अध्यक्षानं सुपाऱ्या वाटल्या. ढोलकी उभी केली, ताट ठेवलं. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी उठलो आणि म्हणालो, "मले सगळं समजलं असं नाई. या वयात समजनही नाई. पण नियम माहा होता, मीच काढतो. कोणी शिकवलं म्हणून नाई काढून राहिलो, हे ध्यानात ठेवा." आणि सुपारी ढोलकीवर ठेवली.

पुढे एकेक जण उठला. ढोलकी टप्प टप्प वाजत राहिली. ताट चारदा वाजलं.  त्या चौघांना माझ्या मागे यायची सवय नाही, हे बरंच आहे. सचिव खाली बसला आणि रजिस्टर मांडीवर घेऊन त्यानं नवी नोंद केली. मग म्हणाला, "आबाजी, तालीम उद्यापासून. ढोलकीचं कातडं सैल झालं आहे, ओढून द्या." मी त्याचे उपकार मानतो. त्या दिवशी तो मला खूप काही ऐकवू शकला असता. त्यानं मला काम सांगितलं.

त्याच रात्री कातडं ओढून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी अड्याळला गेलो. इतक्या वर्षांत तो बाजारात दोन-तीनदा दिसला होता आणि मी रस्ता बदलला होता. आता तो भाच्याकडे असतो. ओसरीत खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. डोळे बारीक करून म्हणाला, "कोण गा? ढोलकीवाला?"

"मीच."

"बस. उभा काहून?"

मी खिशातली सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, "मंडळानं तो नियम काढला." कोणता, ते त्यानं विचारलं नाही. सुपारी हातात फिरवत राहिला. मग मी विचारलं, "तू तुही सुपारी ताटात काहून टाकली होती?"

"तू टाकली ना."  मग शेंगा बाजूला सारत म्हणाला, "मले वाटलं, तू मांगून येशीन अड्याळले. एखाद्या महिन्यात."

"आलो ना."

"लवकरच आला!" म्हणाला, आणि हसला. तोंडात एकही दात नव्हता. सुपारी परत माझ्या हातात दिली. "हे मी कशानं खाऊ? भाचसुनेजवळ खलबत्ता आहे, कुटून दे."

मी खलबत्ता घेऊन तिथंच खाली बसलो आणि कुटायला लागलो. त्याचा एक पाय खाटेखाली लोंबत होता. तो हलायला लागला.

"ठेका चुकून राहिला तुहा," तो म्हणाला.

चुकत होताच. मी पुन्हा पहिल्यापासून धरला.