व्हाया सेलू: स्फटिकांना घेऊन इंदूरला

माझी भाची मुग्धा प्रथिनांवर संशोधन करते. "मावशी, इंदूरपर्यंत गाडी चालवशीन का? मले माये स्फटिक न्याचे हाये," असं तिनं विचारलं. दिवाळीची सुट्टी होती, मी लगेच हो म्हटलं.

नालवाडीच्या घरून सकाळी निघालो. मागच्या सीटवर दुधाच्या कॅनएवढं भांडं आणि त्यात द्रवरूप नायट्रोजनच्या गारव्यात ठेवलेले, मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक. मुग्धानं वाटेत समजावलं. डीएनएच्या धाग्यावर एक प्रथिन येऊन बसतं आणि जनुक बंद करतं. ते कसं बसतं हे कुठल्याच भिंगातून दिसत नाही. म्हणून दोघांचा मिळून स्फटिक करायचा, त्यावर इंदूरच्या संशोधन केंद्रातले प्रखर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा. हे स्फटिक जमेपर्यंत पोरीची दोन वर्षं गेली होती. गारवा गेला की सगळं मातीत.

सेलूला चहासाठी थांबलो तर भांड्यावर बाहेरून बर्फ चढलेला! "मावशी, नायट्रोजन उडून राह्यला," म्हणत मुग्धानं झाकण दाबून पाहिलं. मला माझ्या गावची, वडनेरची आमची गाय आठवली. गाय भरवायच्या, वळूच्या वीर्याच्या कांड्याही नायट्रोजनमध्येच ठेवतात की! विचारत विचारत गुरांच्या एका खाजगी डॉक्टरांकडे पोचलो.

"कोन्या जातीच्या वळूचं हाय?" त्यांनी भांड्यात डोकावत विचारलं.

"वळूचं नाई डॉक्टरसाहेब, डीएनए अन् प्रोटीनचे स्फटिक हाये," मुग्धा म्हणाली.

"असं! मंग तर जपूनच भरा लागते." भांडं भरून वर एक लहान कॅनही दिला. "रस्त्यात टाकत राहजा. अन् गाडीच्या काचा उघड्या ठेवजा, नाईतर जीव गुदमरते."

मग काय, नागपूर बाह्यवळण, बैतूलचं सागवान, सगळं डोक्याला शाल गुंडाळून पाहिलं. रस्ता मात्र झकास. बैतूलच्या पुढे ढाब्यावर तीनशे रुपयांत दोघींचं जेवण झालं, शेवभाजी जरूर खा.

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर मी फोन समोर ठेवून पोहे खात बसले होते. पहिल्या स्फटिकातून काही आलं नाही. दुसऱ्यातून नुसते बर्फाचे डाग. दुपारी मुग्धाचा फोन आला आणि ती रडायलाच लागली. तिसऱ्यानं ठिपके दिले होते, स्वच्छ, कडेपर्यंत.

परत येऊन ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. दोन दिवस गणितं चालली. तिसऱ्या सकाळी तिनं हाक मारली. पडद्यावर प्रथिनानं डीएनए दोन्हीकडून धरून चक्क वाकवला होता. इतकं सुंदर काही मी कुठल्याच प्रवासात पाहिलं नाही. आजवर हे कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यात आधी माझ्या भाचीनं पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरून मी.