मागचे दोन ट्रॅक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, भागीदाराला तर नाहीच. दोन-तीनदा तोंडाशी आलं होतं, आणि दर वेळी मी भलतंच काहीतरी बोलून गेलो. आता कंटाळा आला आहे—लपवण्याचाच कंटाळा. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी धंद्याचा माणूस. बोरी अरबच्या बाजारात गोणपाटावर कॅसेटी मांडून बसायचो. तिथून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत स्वतःचं शेड टाकलं, कॅसेटी भरायची मशिनं आणली. कुणी हात दिला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून, नाहीतर भांडून. माझ्या जिभेला जिल्ह्यातले सगळे दुकानदार भीत. ही बढाई नव्हे—पुढचं समजायला ते लागेल.

कापसाचा भाव बसला ती वर्षं. आमचा माल कापूस विकला गेला की खपायचा. कापूस घरातच पडून राहू लागला, तसा आमचा मालही राहू लागला. त्यात कॅसेट मरत चालली होती. नवीन गायक, नवीन गाणी यांत पैसा घालायची हिंमत नव्हती. म्हणून मी जुनं काहीतरी नव्यानं काढायचं ठरवलं, आणि मला सवाल-जवाबाची ती रेकॉर्ड आठवली.

मी शाळेत असताना मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं ती काढली होती. चार बाजूंनी ऐकू येणारा आवाज, असं तिचं नवल. दारव्ह्याच्या एका जिनिंगच्या गोदामात ती भरली गेली. आवाज घुमू नये म्हणून सगळीकडून रुईच्या गाठी रचल्या आणि चार कोपऱ्यांत चार माइक लावले. पुढच्या दोन माइकांवर शाहीर आणि त्याची ढोलकी. मागच्या दोनांवर गाणारी रुक्माबाई आणि तिची ओळ झेलणाऱ्या बाया. शाहीर पुढून सवाल टाकायचा, रुक्माबाई मागून जवाब द्यायची. ऐकणारानं मधोमध बसायचं, चार कोपऱ्यांत चार भोंगे ठेवून. पण चार भोंगे होते कुणाकडे? रेकॉर्ड पडून राहिली, कंपनी बुडाली.

मूळ टेप मात्र वाचली होती. ती रशीदभाईकडे होती. रशीदभाई म्हणजे यवतमाळचा रेडिओ मेकॅनिक. त्या गोदामात माइक लावणारा तोच. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून आणलेलं चार ट्रॅकचं मशीन त्याच्याकडे होतं—एकाच फितीवर शेजारी-शेजारी चार पट्ट्या, दोन पुढच्या माइकांच्या, दोन मागच्या. टेप त्यानं कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, दर उन्हाळ्यात काढून उलगडून परत गुंडाळायचा. मी मागायला गेलो तेव्हा तो पैशांबद्दल बोललाच नाही. एवढंच म्हणाला, "चारही ट्रॅक आले पाह्यजे. बाईचा आवाज आता त्याच्यातच हाय."

खरंच होतं. घशाच्या दुखण्यात रुक्माबाईचा आवाज गेला होता, खुणेनंच बोलायची. आणि जो माणूस पैसेच मागत नाही, त्याचा भाव मी पाडणार कुठून? मला ते तेव्हाच खटकलं.

मग प्रश्न आला तबकडीचा. सीडी काढायची, व्हीसीडी की डीव्हीडी? परदेशात नुसत्या चौफेर आवाजासाठीच वेगळ्या तबकड्या निघाल्या होत्या म्हणे, पण त्या वाजवणारं यंत्र नागपूरच्या माझ्या ओळखीच्या माणसानंही पाहिलं नव्हतं. रशीदभाईला डीव्हीडी हवी होती. तिच्यात चारही ट्रॅक वेगवेगळे राहतात. पण डीव्हीडीचं मशीन आणि चार-पाच भोंगे असायचे डॉक्टरांकडे, ठेकेदारांकडे. गावात टीव्हीशेजारी असायचा व्हीसीडीवाला. मी म्हणालो, व्हीसीडीच. दोन ट्रॅक, वर काहीतरी चित्र, विषय संपला.

यात माझं काही चुकलं नाही. आजही मी व्हीसीडीच काढीन. आणि इतकी वर्षं मी स्वतःला इथवरचीच गोष्ट सांगत आलो—बाजार तसा होता, मशिनं तशी होती. पण तुम्हाला पुढचंही सांगायला हवं.

रशीदभाईनं व्हीसीडी मान्य केली. म्हणाला, "मंग चारचे दोन करू. पुढचे-मांगचे मिसळून देतो मी. दोन दिवस लागन. मले काही देऊ नको." म्हणजे अडचण उरलीच नव्हती. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण मी सवयीनं म्हणालो, कायले दोन दिवस घालवतोस, एवढं बारीक कोण ऐकते? त्याच्या दुकानात तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं हातातला डाग द्यायचा कैया खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "तुले भाव समजते शेठ, सूर नाही समजत. कानच नाही तुले. दोन भोकं हायेत फक्त."

ती माणसं हसली. त्यातला एक माझ्याकडून माल उचलणारा दुकानदार होता.

आज हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात. मी गोणपाटावरून वर आलेला माणूस आणि आपल्या खुर्चीत बसून यानं मला बहिरा म्हणावं? मी टेप उचलली, "मिसळणं नागपूरले करतो," म्हणालो आणि निघालो.

नागपूरच्या स्टुडिओतलं मशीन साधं होतं. त्याच्यावर ती फीत लावली की पुढचे दोनच ट्रॅक वाजत. शाहीर विचारायचा, आणि मग नुसती खरखर—तिच्यात फार लांबून कुणीतरी बोलल्यासारखं. तिथल्या माणसानं फीत उलटी घालून पाहिली. आणि मागचे दोन ट्रॅक वाजले, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. रुक्माबाई उलट्या अक्षरांत गात होती. एक शब्द कळत नव्हता. आवाज मात्र स्वच्छ. कुठं ओरखडा नाही, कुठं तुटलं नाही. मी पूर्ण ऐकला.

कान नाही म्हणणाऱ्याला सांगतो—ऐकला, आणि मला कळलं की असा आवाज मी जन्मात विकला नव्हता.

त्या माणसानं विचारलं, "कॉम्प्युटरवर सरळ करून जोडून देऊ का? आजच होते." मी नाही म्हणालो. रशीदभाईनं जे जपलं तेच जाऊ दे, असं ठरवूनच नाही म्हणालो. मधली खरखर लोकांना खराबी वाटेल म्हणून तीही कापायला लावली. सवालाला लागून सवाल. कव्हरवर छापलं, 'चौफेर आवाजातला अस्सल सवाल-जवाब'.

व्हीसीडी खपली. ढोलकी चांगली होती.

मग एके दिवशी रुक्माबाई माझ्या दुकानात आली, सोबत मुलगा देविदास. त्यानं सांगितलं, आईले आपला आवाज ऐकायचा हाय, आमच्या घरची लाइन चार दिवसांपासून नाही. मी लावली. काय करणार होतो? ती स्टुलावर ताठ बसली. शाहिराचा पहिला सवाल झाला आणि तिचे ओठ हलले—आवाजाशिवाय, आपल्याच जवाबाच्या स्वागताला उठल्यासारखे. तोवर दुसरा सवाल सुरू झाला होता. ती थांबली. तिसऱ्या सवालाला पुन्हा ओठ हलले. पाचव्यानंतर नाही हलले. तबकडी संपेपर्यंत ती बसून राहिली आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. टेप माझ्याच कपाटात होती. महिन्याभरात नवी तबकडी निघाली असती. मी म्हणालो, "मावशी, मांगचे दोन ट्रॅक सादळून गेले. बुरशी लागली. टेप रशीदभाईच्या घरी पडून होती ना."

एवढंच बोललो. ना सादळणं खरं होतं, ना बुरशी.

देविदास तिथून सरळ रशीदभाईकडे गेला, भर दुकानात त्याला नाही नाही ते बोलला. रुक्माबाईच्या घरून त्याच्याकडे दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगांची टोपली जायची, त्या गोदामातल्या दिवसापासून. त्या वर्षी गेली नाही. पुढे कधीच गेली नाही. रशीदभाई मात्र माझ्याकडे आला आणि भांडला नाही. "सडली तर सडली," म्हणाला, "पन मले दे. मी पाह्यतो."

त्याच्या मशीनवर ती एक मिनिट वाजली असती की माझं पितळ उघडं. मी म्हणालो, फेकून दिली. आणि बोललो ते खरं करायला टेप शेडवर नेली. आमच्या शेडमधली वाया गेलेली फीत शेतकरी न्यायचे. ज्वारीच्या वावरावर ताणून बांधली की वाऱ्यानं ती चमकते, वाजते, पाखरं येत नाहीत. दारव्हा रोडचा एकजण न्यायला आला होता. त्याच्या गठ्ठ्यात मी ती टाकली. स्वतःच्या हातानं.

कॅसेटची फीत अरुंद असते. ही जवळजवळ दुप्पट रुंद. मेकॅनिकच्या नजरेतून ते सुटेल? रशीदभाई एके दिवशी त्या रस्त्यानं लुनावरून चालला होता. थांबला असेल, वावरात शिरला असेल, बोटांत धरून पाहिली असेल. त्याच दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि वीतभर तुकडा काउंटरवर ठेवला. उन्हानं, दवानं त्याचा रंग उडाला होता. टोकाला जोडलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्याच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं अजून वाचता येत होतं—मागे, डावीकडे.

मी भांडणाची तयारी केली. भांडण मला जमतं.

"जवारीत बांधला बाईचा आवाज," तो म्हणाला. "वाऱ्यानं गुणगुणून राह्यला तिथं." मग हळू आवाजात म्हणाला, "तिले नको सांगू हे. सडला म्हनलास ना? सडलाच राहू दे. माह्याच घरी सडला."

तुकडा उचलून तो गेला. आणि मी काय केलं? त्याचं ऐकलं. आयुष्यात मी कुणाचं इतक्या मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं ते तिच्यासाठी सांगितलं होतं. मी माझ्यासाठी पाळलं. बाजारात त्याला 'टेप सडवणारा' म्हणू लागले. कुणाचा रेडिओ बिघडला तरी म्हणायचे, त्याच्याकडे नका देऊ, ठेवून घेईल आणि सडवेल. हे माझ्यासमोर व्हायचं. एकदा मीही हसलो.

तीन-चार वर्षांनी रुक्माबाई गेली. तेरवीला देविदासनं मला आग्रहानं बोलावलं—आईचं नाव जिल्हाभर मीच नेलं, असं त्याला वाटत होतं. कव्हरवर तिचं नाव छापलं होतं ना. मांडवात त्यानं ती व्हीसीडी लावली होती. सवाल, सवाल, सवाल. रशीदभाई न बोलावता आला होता. मांडवाच्या टोकाला, चपला काढल्या होत्या तिथं बसला होता. एक म्हातारी सुनेला सांगत होती, त्याला ऐकू जाईल अशी, "थोच तो. याच्यापायी बुडीचा आवाज गेला." त्यानं मान खाली घातली. तो माझ्याकडे बघेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं बघितलं नाही.

त्याला कुणी पानावर बसायला म्हणालं नाही. थोड्या वेळानं तो उठून गेला. मला देविदासनं हात धरून पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढायला उभा राहिला, पुरी घ्या म्हणाला, आणखी एक घ्या म्हणाला.

मी घेतली. पोटभर जेवलो.