डब्यातल्या अर्ध्या पट्ट्या

डॉक्टरांच्या पेनाचं टोक रिपोर्टवरून खाली खाली सरकत होतं आणि कुठेच थांबत नव्हतं. आतडं फुटून माझ्या नवऱ्याच्या पोटात पू झाला होता, आणि ऑपरेशन होऊनही ताप उतरत नव्हता. "पुवाचा रिपोर्ट आला की काकांना नेमकं लागू पडेल तेच औषध देऊ," असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा किती धीर आला होता. जणू ह्यांच्या एकट्यासाठी कुठेतरी एक औषध राखून ठेवलेलं होतं.

रिपोर्टच्या यादीतल्या बहुतेक औषधांना ह्यांच्या पोटातले जंतू आता जुमानेनासे झाले होते. त्यातली बरीच नावं माझ्या ओळखीची निघाली. आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या असतात. बरं वाटलं की हे गोळ्या सोडायचे आणि उरलेल्या पुढच्या तापाला घ्यायचे. डबा मीच काढून द्यायचे.

"एकच उरलंय, काकू," डॉक्टर म्हणाले. "पण चौदा दिवस पूर्ण द्यावं लागेल."

मी मान हलवली. बरं वाटलं म्हणून हे मध्येच सोडतील, अशी भीती या वेळी मला वाटली नाही; ह्यांना बरं वाटेल तरी का, हीच भीती होती.