आप्पांची रात्रपाळी

तळेगाव ढमढेऱ्यात प्राचीच्या घरी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. हळद. घरची हळद. जुनी हळद, फक्त लोणच्याला. आई वैतागायची. "माझ्याच घरात मी वाचून सैपाक करू व्हय?" म्हणायची. प्राचीचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुला ठाऊक हाय गं. उद्या दुसरं कुणी चुलीपाशी आलं तर?"

प्रोग्राम लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम, आणि त्यातही तिची हीच खोड. मशीनला काय, कसंही लिहिलं तरी कळतं. लिहायचं ते आपल्या मागून येणाऱ्या माणसासाठी, असं ती म्हणायची. पुण्यातल्या ऑफिसात याचं फार कुणाला कौतुक नव्हतं. मग ती गावी परतली आणि आसपासची कामं घेऊ लागली.

वडगाव रासाईच्या उपसा सिंचन संस्थेनं तिला बोलावलं तेव्हा तिथं दोन भाऊ बांधावर हातघाईवर आले होते. भीमेचं पाणी कुणाला कोणत्या दिवशी, किती वाजता, हे संस्थेचा प्रोग्राम ठरवायचा आणि सभासदाच्या मोबाईलवर मेसेज धाडायचा. त्यानं दोघांनाही एकच वेळ धाडली होती. प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वीचा. चेअरमन मारुतरावांच्या दौंडच्या भाच्यानं, सत्यजीतनं, दिवाळीच्या सुट्टीत लिहिलेला. पुढं तो पुण्याला नोकरीला लागला आणि आल्यागेल्यानं त्यावर ठिगळं लावली.

प्राचीनं फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. आतल्या गोष्टींना नावं होती अ, अअ, अअअ. अ पुरेनासे झाल्यावर त्यानं मित्रांची नावं वापरली होती. एका तुकड्याचं नाव 'बघू नंतर'. ज्याच्यावर सगळा डोलारा उभा होता, त्याचं नाव 'तात्पुरतं'. आणि मधोमध एक ओळ होती: रात्रीच्या पाळीला ४१ आला, तर ४२ घे. शेजारी टीप, 'हात लावू नये.'

तिनं सत्यजीतला फोन लावला. "ह्या ओळीचं काय काम आहे?"

"आता आठवत नाही," तो म्हणाला. "पण काढू नका."

"का?"

"तेच आठवत नाही."

ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही ते ठेवायचं नाही, असा तिचा नेम. दीड महिना बसून तिनं सगळं नव्यानं लिहिलं. छोटे छोटे तुकडे, एका तुकड्याला एकच काम, आणि नावं सरळ मराठीत: पुढचा_सभासद, रात्रीची_पाळी, मेसेज_पाठव. जुना आणि नवा प्रोग्राम तिनं शेजारी शेजारी चालवून पाहिला. भावांचा घोळ सुटला होता; त्याखेरीज फरक फक्त दोन सभासद नंबरांत पडत होता. जुन्याची चूक असणार, असं म्हणून तिनं नवा सुरू केला.

आठवड्याभरानं सकाळीच चेअरमन मारुतराव, गावाचे आप्पा, संस्थेच्या ऑफिसात आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, डोळे लाल.

"पोरी, तुझं यंत्र बिघडलंय. मला रातचं पाणी दिलं. दीड वाजता. त्यात उसात काय तरी खसफसलं. बिबट्या म्हणून मी बांधावरनं उडी टाकली, तर निघालं कुत्रं."

"आप्पा, रात्रीची पाळी सगळ्यांनाच येते."

"मला न्हाई येत. नऊ वर्सांत कधी आली न्हाई. आपलं नशीबच दिवसाचं हाय, साऱ्या गावाला म्हाईत हाय."

प्राचीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं सभासदांची यादी काढली. एक्केचाळीस नंबर: मारुतराव. बेचाळीस नंबर: ताईबाई. तिनं पाळीचा नवा नियम छापून त्यांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत, आश्चर्य करत, ओळ न् ओळ वाचली.

"हे तर मला कळतंय की. ह्यात माझ्यावर अन्याव कुठं दिसत न्हाई," ते जरा निराश होऊन म्हणाले.

मग तिनं जुनी ओळ दाखवली आणि समजावून सांगितली: आप्पांची रात्र ताईबाईंना, ताईबाईंचा दिवस आप्पांना. आप्पांनी चष्मा उतरवला. "मी सांगितलं नव्हतं गं त्याला," ते म्हणाले. "मामावरच्या मायेनं केलं असंल."

"मामावरची माया ताईबाईंनी भोगली, आप्पा. स्वतःची रात्र आणि तुमचीही."

ताईबाईंना बोलावणं गेलं. साठीच्या, एकट्या राबणाऱ्या बाई. नऊ वर्षांत त्यांच्या तीन बॅटऱ्या झिजल्या होत्या. दोनदा देवऋष्याकडंही जाऊन आल्या होत्या. त्यानं पत्रिकेतला शनी दाखवला होता. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी माझा शनी दौंडला ऱ्हात होता."

आप्पांना हसूही येईना. "ताईबाई, आता तुमच्या रातीला पाण्याची दारं मी धरतो, माझा दिवस तुमी घ्या. दोन वर्सं. पोरी, लिहून टाक त्यात, बेचाळीस आला तर एक्केचाळीस."

"तसं नाही लिहिणार," प्राची म्हणाली. "मग नऊ वर्षांनी कुणीतरी माझ्या नावानं बोटं मोडेल."

तिनं 'सवलत' नावाचा वेगळा तक्ता केला: कुणाला, कुणाऐवजी, कधीपर्यंत, आणि कारण. कारण भरल्याशिवाय तो पुढं सरकतच नव्हता. आप्पांनी आढ्याकडं बघत सांगितलं, "लिही. भाच्याची चूक, मामाला मान्य."

पाळीचा सगळा नियम छापून प्राचीनं संस्थेच्या भिंतीवर लावला. लोक येता-जाता वाचू लागले, भांडू लागले. तिसऱ्या दिवशी पंपावरचा म्हस्कू तंबाखू मळत त्याच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हितं चुकलंय. वीज दर आठवड्याला बदलती, दिवसाची रातीला जाती. तुमच्या ह्या सहाव्या ओळीत ते न्हाई."

प्राचीनं वाचलं. खरंच नव्हतं. पुण्यात तिची चूक दाखवायला कुणी तिचं लिहिलेलं इतकं वाचलंच नव्हतं. तिनं म्हस्कूला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाली, "म्हस्कूमामा, सातवी ओळपण बघा."