परत न आलेली चढाई

पोरीला मैदानातून ओढत नेणारे तुम्ही, आणि पडद्यावर तशीच पोर जिंकली की डोळे पुसणारेही तुम्हीच. आमच्या सिनेमाचे किस्से तुम्हालाच सांगायला हवेत. शूटिंगमध्ये किस्से धुळीसारखे साचतात. नागरा गावाजवळच्या त्या बांधीतले, धानाच्या शेतातले, मात्र मला अजून झटकता आलेले नाहीत.

सिनेमा घरच्यांना न जुमानता कबड्डी खेळणाऱ्या मुलीचा. हिरोईन वर्षा, गावातलीच, कॉलेजच्या टीममधली. राज्य संघाच्या खऱ्या कॅम्पला तिची निवड झाली होती. वडिलांनी साफ नाही म्हटलं, सिनेमाला मात्र हो!

मी तिच्या वडिलांशी भांडले. "काका, इथंही ती कबड्डीच खेळते ना?"

"इथं नाटक करून राहिली," काका म्हणाले. "नाटकाले आमच्याकडं कोण अडवते?"

*

धान कापलेल्या बांधीत आम्ही मैदान आखलं होतं. पॅकअपआधी साउंडवाला जावेद सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायचा, एडिटिंगला लागते. पहिल्याच संध्याकाळी तो वैतागला. "कौन बोल रहा है, यार?"

कुणीच नाही. मी हेडफोन लावले. दूर एक पोरगी "कबड्डी, कबड्डी" म्हणत होती. एका दमात. दम तुटतच नव्हता.

समोर वर्षा ओठ मिटून उभी होती.

*

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फक्कीची मध्यरेषा ताजी आखली, चहा घेतला, वळून पाहिलं. अनवाणी पावलं रेषा ओलांडून पलीकडे गेली होती. परतीची नव्हती.

डायरेक्टर म्हणाला, "कंटिन्युइटीत नाहीत ही, आधीच्या शॉटला नव्हती. पुसा."

पुसली. जेवून आलो तर पुन्हा तिथंच. पोरी त्या बाजूला चढाई करेनात.

*

काका रोज बांधावर बसून असत. जावेदनं एकदा गंमत म्हणून त्यांच्या कानाला हेडफोन लावून पहिल्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

काका बराच वेळ ऐकत राहिले. "शकूताई," म्हणाले. "माझी मोठी बहीण. याच बांधीत खेळे. बाबानं चढाईतूनच ओढत नेली, लग्न लावून दिलं. सासरहून तिची राखच आली."

जावेदनं ते रेकॉर्डिंग पुन्हा कुणाला ऐकवलं नाही.

*

शेवटच्या दिवशी नेमका तोच सीन. सिनेमातला बाप चढाईवर गेलेल्या वर्षाचा दंड धरतो आणि तिला ओढत नेतो. त्यानं दंड धरला, आणि काका सरळ फ्रेममध्ये शिरले.

"सोड तिले. रेषेपर्यंत येऊ दे."

"काका, स्क्रिप्टमध्ये असं नाही," डायरेक्टर म्हणाला.

"स्क्रिप्टमधलं मी लहानपणी पाहिलं. आता नाही."

वर्षा सुटली, धावत रेषा ओलांडून परत आली. त्या संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त वारा होता.

*

कॅम्पला जायला काकांनी स्वतः ऑटो बोलावली. बॅग पायाशी ठेवून वर्षा एकटीच मागे बसली. आम्ही हात हलवले.

चहावाली मावशी पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. ऑटो वळेपर्यंत बघत राहिली.

"सीटवर एवढी जागा असून," ती म्हणाली, "दोघी एकमेकींले चिकटून काऊन बसून राहिल्या?"