राजय्याच्या बायकोची भाषा

राजय्या गेल्याचा निरोप घेऊन त्याची लेक लक्ष्मी शाळेत आली, तेव्हा मी निबंध तपासत होतो. वाईट वाटलंच, पण खरं सांगतो, त्याआधी हायसं वाटलं. वही पुरी झाली होती...

राजय्या आमच्या पेठेतला तेलुगू विणकर. तरुणपणी मद्रासेहून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीकडं गेला, तिकडच्याच एका बेटावरची बायको केली आणि ती वारल्यावर आठ वर्षांच्या लक्ष्मीला घेऊन सोलापुरात भावाच्या हातमागावर येऊन बसला. लेकीला ती कळे, पण बोलता येईनाशी झाली होती; बायकोची भाषा आपल्याबरोबर जाईल, ही एकच धास्ती त्याला होती. मला व्याकरणाचा नाद. म्हटलं, तू सांग, मी उतरवून घेतो. वर्षभर दर रविवारी तो धोटा फेकत बोलायचा आणि मी लिहायचो. त्या भाषेत क्रियापदं एकामागून एक येत, ‘ती मासा धर ये दे मला’ अशी. मधे ना ‘धरून’मधला ‘ऊन’, ना ‘आणि’. मास्तरकीची खोड वाईट... जादा वाटलेली क्रियापदं मी तांबड्या शाईनं छाटून टाकी आणि सुधारलेलं वाक्य वाचून दाखवी. राजय्या मान डोलवी, “व्हय मास्तर.”

एका रविवारी कांड्या भरताना लक्ष्मीला हसू आवरेना. खोदून विचारलं, तेव्हा बापाकडं बोट करून म्हणाली, “तितं बेटावर असं कुणीबी बोलत न्हाय. नायना तुमाला न्हाय कसं म्हनतील? तुमी मास्तर हाय की.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडूनच कळलं, धरणं, येणं, देणं ही त्या लोकांना तीन कामं नव्हतीच. एका माणसानं एका दमात केलेलं ते एकच काम, म्हणून सांधायला काही लागत नव्हतं. ते मी चूक समजून वर्षभर कापत होतो. तोवर राजय्याला खोकल्यानं धरलं होतं. पहिल्या पानापासून पुन्हा बसलो. मुद्दाम चुकीचं वाचायचं आणि तो अडवीपर्यंत थांबायचं, अशी युक्ती केली. दोन रविवार बिचारा नुसता अवघडून बसला. तिसऱ्या रविवारी हळूच म्हणाला, “न्हाय मास्तर.” त्यानंतर मात्र त्यानं मला सोडलं नाही; पानापानाला माझा कान पिळला. शेवटचं पान झालं आणि चौथ्या दिवशी तो गेला.

राजय्याचं दिवसकार्य उरकल्यावर वही घेऊन लक्ष्मीकडे गेलो. ती मागावर बसली होती. मी वाचू लागलो, तसा तिचा हात थांबला.

“अम्माच बोलतीया की,” ती म्हणाली. “थांबू नगा, मास्तर.”